अप्पांचा डावा हात

अप्पांना घरात माणसं दिसायला लागली, तेव्हा सुरुवातीला आमच्या आईनं त्या माणसांसाठी चहा टाकला होता. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात, पण आमच्या घरात ते साहजिक होतं. अप्पा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. चाकूरला बसस्टँडजवळ त्यांनी आयुष्यभर किराणा दुकान चालवलं. दुकानातून आत हाक यायची, ‘चहा पाठीव गं, तीन,’ आणि घरातल्या बाईनं कोण आलंय हे न विचारता चहा पाठवायचा. पुढं दुकान वडिलांकडे गेलं आणि अप्पा घरात बसू लागले. एका दुपारी पुढच्या खोलीतून तशीच हाक आली. आई कप घेऊन बाहेर आली तर अप्पा एकटेच. त्यांनी तिच्या हातातून ट्रे घेतला, भिंतीजवळच्या मोकळ्या फरशीवर एकेक कप अंतर सोडून ठेवला आणि म्हणाले, ‘घ्या, गार व्हायलाय.’

आई मला फोनवर सांगताना हळू बोलत होती. मी तेव्हा नांदेडला बी. फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे औषधाचं काहीही असलं की फोन मला यायचा. खरं तर मला तेव्हा गोळ्या कशा बनतात याहून फारसं काही कळत नव्हतं.

‘कोण दिसतंय त्यांना?’ मी विचारलं.

‘एक टोपीवाला माणूस आणि दोन लेकरं. बोलत न्हाईत म्हणे. नुसती बसतेत. मी अप्पांना म्हणलं, न्हाई हो कुणी. तर मलाच म्हणाले, बाई, तुझ्या पदरावर पाय पडंल लेकराचा, सरक.’

‘मग?’

‘मग काय, सरकले.’

सुट्टीत घरी गेले तेव्हा मला ते पाहायला मिळालं. अप्पा खोलीतून सरळ चालत नव्हते. भिंतीजवळच्या त्या जागेला वळसा घालून, धोतर सावरून, बसलेल्या माणसाच्या बाजूनं जावं तसे जायचे. ते वेडे वाटत नव्हते, हेच अवघड होतं. दुकानाचा हिशेब विचारायचे, मला परीक्षेचं विचारायचे, आणि मधेच त्या जागेकडे बघून मान हलवायचे. फरशी पुसताना आईही तेवढी जागा शेवटी पुसायची, आणि पुसण्याआधी क्षणभर थांबायची. मी तिला हसले. नंतर माझ्या लक्षात आलं की पाणी प्यायला जाताना मीसुद्धा वळसा घालून गेले होते. त्या जागी उन्हाचा पट्टा सोडून काही नव्हतं. तरी परत येताना मला त्यातून सरळ जाणं जमलं नाही.

एवढ्यावर राहिलं असतं तर आम्ही तसेच राहिलो असतो. पण पुढं अप्पा त्या लेकरांच्या मागं घराबाहेर पडायला लागले. एकदा ते मोठ्या रस्त्यावर ट्रकसमोर हात आडवा करून उभे राहिले, लेकरं रस्ता ओलांडत आहेत म्हणून. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला म्हणून वाचले. दुसऱ्यांदा त्यांना आईच्या पलंगावर कुणी अनोळखी पुरुष बसलेला दिसला आणि त्यांनी काठी उगारली. काठी आईच्या खांद्याला लागली. अप्पांनी उभ्या जन्मात घरातल्या कुणावर हात उचलला नव्हता. त्यांना उमगलं तेव्हा ते दाराआड जाऊन बसले.

वडिलांनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथून हॅलोपेरिडॉलची गोळी मिळाली, संध्याकाळी अर्धी. डॉक्टरांनी पुन्हा दाखवायला बोलावलं होतं. पण गोळीचा गुण इतका लवकर आला की पुन्हा जायचं कुणाला सुचलंच नाही. टोपीवाला गेला, लेकरं गेली. आईनं फोनवर सांगितलं, ‘खोली मोकळी झाली बघ.’ तिचा आवाज हलका झाला होता. मलाही बरं वाटलं.

नंतर एका रविवारी मी व्हिडिओ कॉल केला. वडिलांनी फोन अप्पांच्या समोर धरला. अप्पांचा चेहरा पडद्यावर आला आणि तसाच राहिला. तोंड किंचित उघडं, नजर समोर. मला वाटलं नेटवर्क अडकलं. मी ‘हॅलो, हॅलो’ करत होते. मग माझं लक्ष मागच्या भिंतीवर गेलं. तिथलं कॅलेंडर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होतं. चित्र चालू होतं. फक्त अप्पा थांबले होते.

‘अप्पा, मी बोलतेय.’

बराच वेळ गेला. मग ओठ न हलवता, आतून कुठूनतरी, ‘हाव,’ असा आवाज आला.

मी वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, ‘शांत झालेत आता. जेवणाचाच तेवढा तरास हाय. तोंडच उघडत न्हाईत. घास नेला की मान फिरवतेत. मला वाटतं रोग पुन्हा जोर धरायलाय. म्हणून अर्ध्याची एक केली गोळी.’

‘डॉक्टरांना विचारलं का?’

‘अगं, त्यांनीच दिलेली गोळी हाय ती. दुसरी थोडीच दिली मी.’

त्याच महिन्यात वर्गात मेंदूवरची औषधं शिकवायला सुरुवात झाली होती. भास कमी करणाऱ्या या औषधांनी अंग ताठ होतं, हात थरथरतात, चेहरा मुखवट्यासारखा होतो, आणि म्हाताऱ्या माणसांत हे जास्त होतं, एवढं मी वहीत उतरवून घेतलं होतं. पण वहीतलं वाक्य आणि माझे अप्पा यांच्यात मोठं अंतर होतं. वडिलांना काय सांगायचं? मी दुसऱ्या वर्षाची मुलगी. मी सांगितलं आणि गोळी बंद केली, आणि अप्पा पुन्हा ट्रकसमोर गेले तर? तास संपल्यावर मी सरांना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘घरी जा आणि स्वतः बघ. फोनवर हे कळत नाही. आणि गोळी मनानं एकदम बंदही करू नका. ज्यांना यातलं कळतं अशा डॉक्टरांना दाखवा.’ परीक्षा संपल्या संपल्या मी लातूरची बस धरली आणि चाकूरला उतरले.

पुढच्या खोलीत अप्पा भिंतीला टेकून, मांडी घालून बसले होते. आईनं अंघोळ घालून कपाळाला भस्म लावलं होतं. धोतर पांढरं स्वच्छ. मी पाया पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण डोळ्यांनीच, मान वळली नाही. अंगावर, त्या उकाड्यातही, शाल होती आणि डावा हात शालीच्या आत होता. मी आत जाऊन आईशी बोलत बसले. त्यांची पापणी लवताना मला दिसली नव्हती, हे मी तिला सांगितलं नाही.

तेवढ्यात बाहेरून किंकाळी आली.

अप्पांची मामेबहीण जळकोटहून आली होती. आम्ही तिला जळकोटची आजी म्हणतो, ती अप्पांना आण्णा म्हणते. भाऊ आजारी आहे एवढंच तिला कळलं होतं. ती उंबऱ्यात आली, समोर अप्पांना पाहिलं, आणि हातातली पिशवी टाकून तिथंच खाली बसली. ‘अगं माय, आण्णा गेला की गं माझा! कुणी कळीवलंबी न्हाई की गं मला!’

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, भस्म लावून, भिंतीला टेकवून मांडीवर बसवतात, आणि मातीतही तसंच बसवून देतात. आलेला माणूस उंबऱ्यातून ते पाहतो आणि रडायला लागतो. जळकोटच्या आजीनं पाहिलं ते अगदी तसंच होतं. मीही आत येताना तेच पाहिलं होतं. तिनं ते तोंडानं म्हटलं, एवढाच फरक.

आई धावत बाहेर गेली. ‘आत्या, अहो आत्या, हायत! जिते हायत!’

आजीचं रडणं मधेच तुटलं. ती तशीच बसून अप्पांकडे बघत राहिली. अप्पांचे डोळे तिच्यावर होते. त्यांच्या एका डोळ्यातून पाणी आलं आणि गालावरून खाली गेलं. ते पुसायला हात उठला नाही.

मग आजी आईवर तुटून पडली. ‘जित्या माणसाला असं बसवतेत का गं? भिंतीला टेकवून? भस्म फासून? चार हार तेवढे घालायचे राहिलेत!’

‘आता मी काय करू आत्या, ते आडवे होईनात. लवतच न्हाईत. जसं बसवलं तसं राहतेत.’

‘काय खातेत?’

‘कायबी न्हाई. दूध तेवढं बळंच पाजायलो, तेबी अर्धं बाहेर येतंय.’

आजी उठून अप्पांच्या जवळ गेली. त्यांच्या दंडाला हात लावला आणि एकदम काढून घेतला. ‘लाकूड झालंय गं ह्याचं,’ ती म्हणाली. मग पदरानं त्यांचा गाल पुसला.

संध्याकाळी वडील दुकानातून आले तेव्हा तिनं त्यांनाही सोडलं नाही. ‘बापाला औषध द्यायलास का भुसा भरायलास रे?’ त्या दिवसाची गोळी वडिलांनी हातात घेतली होती, ती घेऊन तसेच उभे राहिले. माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, ‘आज अर्धीच द्या. उद्या लातूरला नेऊ.’ माझाच आवाज मला खात्रीचा वाटला नाही. ते म्हणाले, ‘आणि पुन्हा रस्त्यावर गेले तर? पुन्हा तुझ्या आईला मारलं तर? तू तर नांदेडला असतीस.’ ते रागानं म्हणाले नव्हते. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. शेवटी त्यांनी गोळी मोडली आणि अर्धीच दिली.

सकाळी अंघोळ करून मी पूजेला अप्पांच्या शेजारी बसले. आमच्यात बायकाही गळ्यात इष्टलिंग घालतात. डाव्या तळहातावर लिंग ठेवायचं, पाणी, भस्म, बेलाचं पान वाहायचं, आणि थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसायचं. पूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही. मी शहरात गेल्यापासून कधीकधी चुकवते, पण अप्पांनी तापातही चुकवलेली मला आठवत नाही. लहानपणी मला त्यांनीच शिकवलं होतं, तळहात असा धर, पसरट, पाणी ठेवलं तरी सांडू नये असा.

माझी पूजा झाली. अप्पा समोर बघत होते. आईनं पेजेची वाटी आणली. चमचा जवळ गेला तसे ओठ घट्ट मिटले आणि मान, एवढीशी, पलीकडे वळली. आई म्हणाली, ‘बघ, हे असं.’

मला काय वाटलं कोण जाणे, मी विचारलं, ‘अप्पा, तुमची पूजा झाली का?’

‘झाली असंल की,’ आई म्हणाली. ‘रोज बसतेत इथं इतका वेळ.’

अप्पांचे डोळे मात्र माझ्यावरून खाली गेले, शालीकडे. मी शाल बाजूला केली. डावा हात मांडीवर मूठ होऊन पडला होता. अंगठा आत, बोटं त्याच्यावर आवळलेली, आणि ती सगळी मूठ बारीक थरथरत होती. मी ती उघडायला गेले. बोटं उघडेनात. एक सोडवलं की दुसरं मिटायचं. त्या हाताचा आणि अप्पांचा काही संबंध नाही असं वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी तो आवळून धरल्यासारखा.

मग मला ते सगळं एका ओळीत दिसलं. हात उघडत नाही म्हणून लिंग ठेवता येत नाही. पूजा होत नाही म्हणून ते जेवत नाहीत. जेवत नाहीत म्हणून आम्ही गोळी वाढवली. आणि गोळीनंच हात मिटला होता. त्यांच्याच्यानं बोलवत नव्हतं, आणि बोलवलं असतं तरी लाजेनं सांगितलं असतं की नाही, शंकाच आहे. म्हणून तर हात शालीत होता. ते रोज पूजेच्या जागी बसत होते आणि पूजा न करता उपाशी उठवले जात होते.

दुसऱ्याच्या लिंगाला हात लावत नाहीत. म्हणून मी फक्त त्यांचा हात खालून माझ्या दोन्ही हातांत धरला आणि बोटं सरळ करून तशीच दाबून ठेवली. हे चालतं की नाही मला माहीत नव्हतं. जळकोटची आजी दारातून बघत होती, तिनंही अडवलं नाही. अप्पांनी उजव्या हातानं गळ्यातलं लिंग काढलं. त्याला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, पण आईच्या वाटीतल्या पेजेवर साय धरली. लिंग तळहातावर आलं. माझ्या हातात त्यांचा हात थरथरत होता आणि त्यामुळे माझेही हात थरथरत होते. त्यांनी बघितलं. मग त्यांचे ओठ थोडेसे सुटले.

आईनं चमचा पुढं केला आणि त्यांनी तो घेतला.

लातूरला आम्ही अप्पांना गाडी करून नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी त्यांचा हात कोपरातून वाकवून पाहिला. हात सलग वाकत नव्हता, दातेरी चाकासारखा अडत अडत वाकत होता. मग त्यांनी आधीचं सगळं विचारलं: काय दिसायचं, किती स्पष्ट, दिवसागणिक बदल व्हायचा का. वडिलांनी लेकरांच्या कपड्यांचे रंगही सांगितले. अप्पांनी त्यांना कधीतरी ते सांगितलं होतं, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

बाईंनी सांगितलं की हा स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार असावा, ज्यात माणसं, लेकरं, जनावरं खरीखुरी दिसतात. आणि नेमक्या याच आजाराच्या माणसांना या जातीची औषधं फार बाधतात. ‘गोळी वाईट नाही,’ त्या म्हणाल्या. ‘माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल तर कधीकधी द्यावीच लागते. पण या वयात तिच्यामुळे जिवालाही धोका होऊ शकतो. कमीत कमी द्यायची, थोडे दिवस द्यायची, आणि सारखं बघत राहायचं. जेवत नाहीत म्हणून वाढवायची नाही. आणखी थोडे दिवस असेच गेले असते, तर घास श्वासनलिकेत गेला असता.’

वडील खुर्चीत पुढं झुकून बसले होते. ‘बंद केली तर ती माणसं परत येतील का?’

‘येतील बहुतेक. दुसरं औषध अगदी कमी देऊन बघू. पण पूर्ण जाणार नाहीत.’ मग त्या अप्पांकडे वळल्या. आतापर्यंत त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ‘बाबा, गोळी बंद केली तर ते लोक पुन्हा दिसतील. चालेल का?’

वडिलांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, बाईंनी हातानं थांबवलं. अप्पांचे ओठ बऱ्याच वेळानं हलले.

‘दिसू द्या,’ ते म्हणाले. ‘हात द्या माझा.’

हात एकदम आला नाही. ती गोळी थांबली, क्वेटियापिन नावाचं दुसरं औषध अगदी बारीक मात्रेत सुरू झालं, आणि वडिलांनी बाहेरच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली. मी नांदेडला परतले. सकाळच्या पूजेला माझ्याऐवजी आई त्यांचा हात धरायची, मग एक दिवस धरावा लागला नाही. ते जेवू लागले. लेकरं परत आली, टोपीवाला आला नाही. कधीकधी अप्पा आता भितात, ओरडतात, आणि तेव्हा आई दिवा लावून त्यांच्याजवळ बसते. आजार पुढं जाणार आहे, हे बाईंनी स्पष्ट सांगितलंय.

पुढच्या सुट्टीत मी घरी होते. ऊन उतरलं होतं आणि आम्ही दोघं अंगणात बसलो होतो. अप्पांना त्या दिवसांतलं काही आठवत नसेल असं मी धरून चालले होते. ते आपणहून बोलायला लागले.

‘जळकोटची रडली नव्हं का, तवा मला वाटलं, झालं. मी गेलो.’

मी त्यांच्याकडे वळले.

‘खरंच वाटलं. हलता येईना, बोलता येईना. समोर बसून ती रडायली. कपाळाला भस्म. म्हणलं, असंच असतंय वाटतं. आत कुणीतरी भांडे घासायलं व्हतं. म्हणलं, मेल्यावरबी भांड्याचा आवाज येतो व्हय. मग वाट बघायलो, की आता उचलतील.’

‘भ्या वाटलं का अप्पा?’

‘मरायचं न्हाई वाटलं.’ त्यांनी डावा हात मांडीवर घेतला आणि त्याच्याकडे बघितलं. आमच्यात माणसाला मातीत बसवताना त्याचं लिंग त्याच्या डाव्या हातात देतात. ‘मूठ झालती ना. म्हणलं, आता हे लोक लिंग कुठं ठेवतील?’

त्यांनी बोटं हळूहळू उघडली. हात पूर्ण सरळ होत नव्हता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकडंच राहत होतं. पण मधे तळहाताची थोडी जागा मोकळी झाली होती. ती त्यांनी मला दाखवली.

‘एवढी जागा पुरते,’ ते म्हणाले.